खाल्लेलं अंगी लागावं म्हणून: सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या बाळाच्या कॅलरींचं गणित

बाळ दर दोन तासांनी दूध मागतं, बाटली पार रिकामी करतं, तरी हातपाय काटकुळेच राहतात आणि पोट मात्र फुगलेलं. आठवडाभरानं काट्यावर ठेवलं तर आकडा जेमतेम हललेला. आईवडिलांना पहिल्यांदा हेच कोडं पडतं: एवढं पितंय, मग जातंय कुठं? सिस्टिक फायब्रोसिस हा आईवडिलांकडून येणारा जन्मजात आजार असलेल्या बाळाच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा डायपरमध्येच सापडतं.

म्हणूनच कॅलरी वाढवायची सुरुवात दूध दाट करण्यापासून किंवा तेल-लोणी घालण्यापासून होत नाही. पोटात गेलेलं आधी अंगी लागलं पाहिजे. त्याचा बंदोबस्त न करता नुसतं प्रमाण वाढवत गेलं, तर बाळाचं वजन आहे तिथंच राहतं आणि शी तेवढी वाढते. लेखाचा क्रमही मी तोच ठेवला आहे. मात्रा ठरवायचं काम तुमच्या डॉक्टरांचं आणि आहारतज्ज्ञांचं. पण त्या मात्रेमागचं कारण समजलं असेल तर रात्री तीन वाजता, झोपेनं डोळे मिटत असताना, ती पाळणं सोपं जातं.

गळती कुठं होते

आपल्या पेशींच्या पापुद्र्यात क्षारांची ये-जा करणारी बारीक दारं असतात. त्यातलं एक दार बनवणाऱ्या जनुकाला सीएफटीआर म्हणतात. ते सातव्या गुणसूत्रावर आहे आणि १९८९ मध्ये त्याचा शोध लागला. आई आणि वडील दोघांकडूनही या जनुकाची बिघडलेली प्रत आली की बाळाला हा आजार होतो. दार नीट उघडत नाही, क्षार बाहेर पडत नाहीत, त्यांच्या मागोमाग येणारं पाणीही येत नाही. मग शरीरातले जे स्राव पातळ, वाहते असायला हवेत ते चिकट होऊन जागच्या जागी बसतात. फुप्फुसात असा चिकट कफ साचतो हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पोटात मात्र त्याच्याही आधीपासून गडबड सुरू झालेली असते.

जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. अन्न फोडणारे पाचकरस तिथं तयार होतात आणि एका नळीतून आतड्यात उतरतात. या आजारात ती वाटच चिकट स्रावानं बुजते. सुमारे ८५ टक्के रुग्णांत स्वादुपिंडाचे रस आतड्यापर्यंत पुरेसे पोचत नाहीत, आणि बऱ्याच बाळांत हे जन्मापासून किंवा पहिल्या वर्षातच दिसू लागतं. सगळ्यात मोठा फटका बसतो स्निग्ध पदार्थांना. आईच्या दुधातली जवळपास निम्मी ऊर्जा स्निग्धांशातून येते. तो फुटलाच नाही तर शोषला जात नाही, आणि आतड्यातून सरळ बाहेर पडतो. त्याच्याबरोबर अ, ड, ई आणि के ही स्निग्धांशात विरघळणारी चार जीवनसत्त्वंही जातात. म्हणून या बाळांना ती वेगळी द्यावी लागतात.

इकडे गळती आणि तिकडे खर्चही जास्त. श्वास घ्यायला जादा कष्ट, संसर्गाशी झुंज, खोकल्याच्या उबळीत बाहेर पडलेलं दूध, आजारी असताना मेलेली भूक. सगळं धरून हा आजार असलेल्या मुलांची कॅलरींची गरज निरोगी मुलांच्या ११० ते २०० टक्के असू शकते, असं अमेरिकेतल्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनच्या मार्गदर्शनात म्हटलं आहे. हा पट्टा फार रुंद आहे, आणि तो तसा असणंच योग्य आहे. एका बाळाला थोडीशी भर पुरते, दुसऱ्याला दीडपट लागते. शेजारच्या पाळण्यातल्या बाळाचा आकडा आपल्या बाळाला लावता येत नाही.

तेल-तुपाला घाबरण्याचा काळ

न्यूयॉर्कमधल्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. त्यानंतर कित्येक दशकं डॉक्टरांचा सल्ला असा असायचा: स्निग्ध पदार्थ पचत नाहीत ना, मग ते देऊच नका. ऐकायला पटण्यासारखं. शी कमी व्हायची, पोटदुखी कमी व्हायची, घरच्यांनाही बरं वाटायचं. पण मुलं खुरटायची.

टोरांटोमध्ये डॉ. डग्लस क्रोझियर यांनी १९७० च्या दशकात याच्या उलट वाट धरली. स्निग्ध पदार्थ तोडण्याऐवजी भरपूर द्यायचे आणि ते पचावेत म्हणून पाचक एन्झाइम, म्हणजे पाचकरसातली अन्न फोडणारी द्रव्यं, औषध म्हणून वाढवून द्यायची. पुढे १९८८ मध्ये टोरांटो आणि बोस्टन इथल्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. दोन्हीकडच्या रुग्णांच्या फुप्फुसांची कार्यक्षमता जवळपास सारखी होती. फरक होता तो वाढीत आणि आयुष्यात. टोरांटोचे रुग्ण उंच होते, आणि तिथलं मध्यक आयुर्मान ३० वर्षं होतं, तर बोस्टनमध्ये २१. आज जगभर या मुलांना जास्त स्निग्धांशाचा आहार सांगितला जातो आणि एकूण कॅलरींपैकी ३५ ते ४० टक्के स्निग्ध पदार्थांतून याव्यात असं म्हणतात, त्यामागे हा इतिहास आहे. घरात कुणी वडीलधारं माणूस काळजीनं म्हणालंच, ‘अगं, एवढं तेल सोसेल का त्याला?’ तर ही दोन शहरांची गोष्ट त्यांना जरूर सांगा.

पहिल्या दोन-तीन वर्षांत एवढी घाई कशासाठी? कारण याच काळात फुप्फुसंही वाढत असतात. तिसऱ्या वर्षी ज्यांचं वजन चांगलं होतं, त्या मुलांची फुप्फुसं सहाव्या वर्षी जास्त सशक्त आढळली आहेत. बाळानं धरलेलं बाळसं पुढे श्वासाच्या कामी येतं.

खसखशीएवढे दाणे आणि चमचाभर गर

आता त्या एन्झाइमकडे. माझ्या मते सगळ्या खटपटीत सर्वांत जास्त फरक इथंच पडतो, आणि सर्वांत जास्त चुकाही इथंच होतात.

कॅप्सूल उघडली की आत खसखशीएवढे बारीक दाणे दिसतात. प्रत्येक दाण्यावर एक कवच असतं. आम्लात ते टिकतं आणि आम्ल नसलेल्या जागी विरघळतं. जठरातलं आम्ल एन्झाइमला मारून टाकतं, म्हणून जठर पार करून आतड्यात पोचेपर्यंत ते कवचाच्या आत सुखरूप राहायला हवं. एवढं लक्षात ठेवलं की बाकीचे सगळे नियम आपोआप उलगडतात. दाणे दुधात का टाकायचे नाहीत? दूध पुरेसं आम्लधर्मी नसतं, त्यामुळे कवच बाटलीतच विरघळतं आणि उघडं पडलेलं एन्झाइम जठरात मरतं. ते चुरडायचे का नाहीत? तेच कारण. सफरचंदासारख्या आंबटसर फळाचा गर का घ्यायचा? त्यातल्या आम्लामुळे कवच शाबूत राहतं.

प्रत्यक्षात ते असं दिसतं. बाळाला मांडीवर थोडं उभं धरलंय, चमच्याच्या टोकावर अर्धा चमचा गर, त्यावर मोजलेले दाणे. चमचा जिभेच्या मधोमध ठेवला, बाळानं तोंड वेडंवाकडं केलं, निम्मा गर हनुवटीवर आला. तो चमच्यानं गोळा करून परत तोंडात. लगेच स्तन किंवा बाटली तोंडाला लावली. दूध पिऊन झाल्यावर स्वच्छ बोट गालाच्या आतून आणि हिरड्यांवरून फिरवून एखादा दाणा अडकलाय का ते पाहिलं. ही शेवटची पायरी दमलेल्या हातांकडून सुटते. पण एन्झाइमचं कामच मुळी मांस-चरबी फोडण्याचं, त्यामुळे तोंडात राहिलेला दाणा हिरडीला फोड आणतो, आणि बाळाच्या ओठाला चिकटलेला दाणा आईच्या स्तनाग्राला. फोड आलेलं बाळ दूध नाकारतं, आणि घरचे म्हणतात भूकच लागत नाही. शीतून बाहेर पडलेलं एन्झाइम ढुंगणाची कातडीही सोलवटतं, म्हणून प्रत्येक वेळी पुसून झाल्यावर मलमाचा जाड थर द्यायचा.

ज्या बाळांना एन्झाइम लागतं त्यांना ते आईच्या दुधाबरोबरही लागतं. अंगावर पिणाऱ्या बाळाला त्याची गरज नाही हा गैरसमज वाया घालवतो ते महत्त्वाचे आठवडे. दिलेला डोस साधारण अर्धा तास कामी येतो. बाळ तासभर रेंगाळत पीत असेल तर दुसऱ्या अर्ध्या तासातलं दूध एन्झाइमविनाच जातं. अशा वेळी डोस दोन भागांत द्यायचा का, हे डॉक्टरांना विचारा. औषधाची बाटली उन्हात तापलेल्या गाडीत राहिली असेल किंवा मुदत उलटली असेल, तर दाणे दिसायला तसेच दिसतात पण त्यांचा जोर गेलेला असतो.

डोस लायपेजच्या, म्हणजे चरबी फोडणाऱ्या एन्झाइमच्या, युनिटमध्ये मोजतात. तान्ह्या बाळाला साधारण दर पाजण्यामागे २,००० ते ५,००० युनिटपासून सुरुवात होते. वरची मर्यादा एका वेळेला किलोमागे २,५०० आणि दिवसाला किलोमागे १०,००० युनिट. ही मर्यादा कुणी सहज आखलेली नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फार मोठे डोस घेणाऱ्या काही मुलांचं मोठं आतडं आकुंचन पावलं, शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, त्यानंतर ती ठरली. म्हणून ‘आज शी तेलकट आहे, अजून एक कॅप्सूल देऊ’ असं आपल्या मनानं करायचं नाही. फोन करून विचारायचं.

डायपर वाचायला शिकणं

एन्झाइम पुरेसं पडतंय का, हे रोजच्या रोज घरात दुसऱ्या कशावरून कळत नाही. चरबी न पचलेली शी फिकट, ढीगभर, चकाकणारी असते. डायपरला ती वंगणासारखी चिकटते, पुसताना हात निसटतो, कधी कडेला तेलाचे पिवळसर ओघळ दिसतात. वास असा की दुसऱ्या खोलीत कळतो. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी एरवीही पातळ आणि पिवळी असते, त्यामुळे पातळपणावर जाऊ नका. बघायची ती चकाकी, वास आणि दिवसातून किती वेळा. चार-पाच दिवसांची नोंद वहीत असली की डॉक्टरांना दोन मिनिटांत अंदाज येतो. स्वादुपिंड कितपत काम करतंय हे पाहायला शीतल्या इलास्टेजची, म्हणजे स्वादुपिंडातून येणाऱ्या एका एन्झाइमची, तपासणी असते. तो आकडा २०० पेक्षा खाली आला तर रस कमी पडतायत असं मानतात.

मीठ

या बाळाचा मुका घेतला की ओठ खारट होतात. घामग्रंथीतलं तेच दार बंद असल्यानं मीठ परत आत घेतलं जात नाही, घामाबरोबर वाहून जातं. आजाराचं निदानही याच खारट घामावरून होतं. आईच्या दुधात आणि डब्याच्या दुधात मीठ अगदी थोडं असतं, त्यामुळे तूट भरून निघत नाही. शरीरात मीठ कमी पडलं की भूक मंदावते आणि बाकी सगळं नीट असूनही वजन अडून बसतं. हे कारण सहज नजरेतून सुटतं.

अमेरिकी मार्गदर्शनात पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला एक अष्टमांश छोटा चमचा आणि पुढे वर्षापर्यंत पाव छोटा चमचा मीठ, दिवसभरात विभागून, असं सांगितलं आहे. निरोगी बाळाला असं मीठ देणं घातक ठरेल, म्हणून आपल्या बाळाचं माप डॉक्टरांकडूनच घ्यावं आणि सपाट केलेल्या मोजमापाच्या चमच्यानंच मोजावं. उकाड्यात, तापात, जुलाबात गरज वाढते. बाळ एकदम मलूल झालं, दूध नको म्हणू लागलं, उलट्या सुरू झाल्या, तर वाट न बघता दवाखान्यात न्या.

दूध तेवढंच, ताकद जास्त

पचनाची आणि मिठाची घडी बसली, आता कॅलरी. इथं थोडं गणित करू.

५ किलोचं बाळ धरा. निरोगी बाळाला किलोमागे ९० कॅलरी, म्हणजे दिवसाला ४५० लागतील. आपल्या बाळाला डॉक्टरांनी दीडपट सांगितल्या, म्हणजे ६७५. आईच्या किंवा साध्या डब्याच्या दुधात १०० मिलीमागे सुमारे ६७ कॅलरी असतात. त्या हिशेबानं बाळाला दिवसाला एक लिटर दूध प्यावं लागेल. मुठीएवढ्या पोटात एवढं मावत नाही, मावलं तरी निम्मं उलटून येतं. तेच दूध १०० मिलीमागे ९० कॅलरींचं केलं, तर ७५० मिलीत काम भागतं. पाव लिटरचा हा फरक बाळासाठी फार मोठा आहे.

याचा अर्थ अंगावरचं दूध बंद करायचं असा नाही. सुरुवातीला आईचं दूधच उत्तम, आणि कित्येक बाळं एन्झाइमच्या जोडीला त्यावरच झकास वाढतात. वाढ कमी पडली तर काढलेल्या दुधात विशिष्ट पावडर मिसळून ते दाट करता येतं, किंवा दिवसातली काही पाजणी जास्त कॅलरीच्या दुधाची ठेवता येतात.

दाट करण्याची कृती मात्र आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेली हवी. डब्यावरच्या प्रमाणापेक्षा अंदाजानं एखादा चमचा पावडर जास्त टाकली, तर क्षार आणि प्रथिनांचा भार मूत्रपिंडांवर पडतो, पाणी कमी पडतं, जुलाब होऊ शकतात. आणि दूध जास्त स्निग्ध झालं तर एन्झाइमचा डोसही पुन्हा बघावा लागतो. ही गोष्ट विसरली की गळती परत सुरू.

वरचं खाणं सुरू झाल्यावर

चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान, बाळ मान सावरू लागलं आणि बसायच्या बेतात आलं की, वरचं खाणं सुरू होतं. एक ग्रॅम स्निग्धांशात ९ कॅलरी, तर तेवढ्याच पिठूळ पदार्थात किंवा प्रथिनांत ४. एका छोट्या चमचाभर तेलात ४० च्या आसपास कॅलरी असतात. मऊ शिजवलेल्या कुठल्याही वाटीभर खाण्यात दोन चमचे तेल मुरवलं, तर वाटी तेवढीच दिसते आणि ८० कॅलरी जास्त जातात. लोणी, साय, अंड्याचा बलक यांचंही तसंच. याउलट पाणी, फळांचा रस, पातळ सूप यांनी पोट भरतं आणि कॅलरी हाती लागत नाहीत. नुसतं फळ खाल्लं तर एन्झाइम लागत नाही. त्यात साय घातली की लागतं.

जास्त कॅलरीच्या नादात दोन चुका होऊ देऊ नका. एक वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, त्यातून बोट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. सुक्या मेव्याचे तुकडे द्यायचे नाहीत, ते घशात अडकतात.

आणि बळजबरी नको. प्रत्येक घासामागे वजनाची चिंता असली की आईबापांचा हात नकळत जड होतो. बाळ तोंड फिरवतं, आपण चमचा पुढे नेतो, ते रडतं, आपण त्या उघड्या तोंडात घास सारतो. त्या दिवशी ३० कॅलरी जास्त जातात, आणि पुढचे कित्येक महिने बाळ चमचा पाहिला की ओठ घट्ट मिटून घेतं. १५-२० मिनिटांत जेवण संपवावं, खाल्लं नाही तर शांतपणे वाटी उचलावी, दोन-अडीच तासांनी पुन्हा द्यावं. हे सांगणं सोपं आणि करणं फार अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. कफ सुटावा म्हणून करायची छातीची फिजिओथेरपी पाजण्याआधी केली तर उलटीत जाणारं दूध वाचतं.

काटा काय सांगतो

दोन वर्षांपर्यंतच्या बाळात उंचीच्या मानानं वजन निदान ५० व्या पर्सेंटाइलवर असावं, असं ध्येय ठेवतात. म्हणजे तेवढ्याच लांबीची १०० निरोगी बाळं वजनानुसार रांगेत उभी केली, तर आपलं बाळ मध्यावर किंवा त्याच्या पुढे असावं. गुबगुबीत करणं हा हेतू नाही. वजन एकाच काट्यावर, कपडे काढून, पाजण्याआधी करा. रोज करू नका. रोजचा आकडा शी-शूवर हलतो आणि जिवाला घोर लावतो. निदानानंतर वाढ मार्गी लागेपर्यंत एक-दोन आठवड्यांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा तपासणी असते.

सगळं नीट करूनही वाढीच्या तक्त्यावरची रेघ वर सरकत नसेल तर डॉक्टर इतर कारणं शोधतात: अन्न उलटून वर येणं, गाईच्या दुधाची ॲलर्जी, दबा धरून बसलेला संसर्ग, जस्ताची कमतरता. काही बाळांना तरीही नळीनं दूध द्यावं लागतं, आधी नाकातून, आणि दीर्घकाळ लागणार असेल तर पोटावरच्या छोट्या छिद्रातून. रात्री बाळ झोपेत असताना हळूहळू दूध जातं आणि दिवसाची जेवणं ताणाविना होतात. नळीचं नाव निघालं की बऱ्याच आयांना आपण कमी पडलो असं वाटतं. तसं अजिबात नाही. ज्या घरात प्रत्येक घास म्हणजे लढाई झाली आहे, तिथं नळीनं सगळ्यांनाच श्वास घ्यायला जागा मिळते.

विशिष्ट जनुकबदल असलेल्या बाळांसाठी, बिघडलेल्या दाराचंच काम सुधारणारी औषधंही आता आली आहेत. त्यातलं आयवाकॅफ्टर अमेरिकेत २०१२ मध्ये मंजूर झालं, आणि २०२३ पासून तिथं ते एक महिन्याच्या बाळालाही देता येतं. ते स्निग्ध खाण्यासोबतच द्यावं लागतं. काही बाळांमध्ये या औषधानंतर स्वादुपिंडाचं काम थोडं सुधारल्याचं दिसलं आहे. त्यामुळे आपल्या बाळात नेमका कोणता जनुकबदल आहे हे पुढच्या भेटीत विचारा. औषध सुरू झालं तर एन्झाइम, मीठ आणि कॅलरी या तिन्हींची मापं नव्यानं लिहून घ्या, आणि स्वयंपाकघरात चिकटवलेला जुना कागद काढून टाका.